सेमिटिक भाषांतील अवयववाचक शब्द

सेमिटिक भाषासमूहातील ॲकेडियन, युगारिटिक, हिब्रू, ॲरेमाइक, अरबी, गीझ (प्राचीन इथिओपिक) इ. भाषांत शरीराच्या भागांना जी नावे आहेत त्यांपैकी पुष्कळशी एकाच मूळ शब्दसंग्रहातून आलेली आहेत. डोळा, कान, नाक, दात, जीभ, हात, गुडघा, रक्त यांसारख्या वस्तूंना प्रत्येक भाषकसमाजाची स्वतःची नावे असतातच आणि ती परभाषेतून उसनी घेण्याची गरज क्वचित पडते. त्यामुळे भाषांचे नाते ठरविताना हे शब्द विश्वसनीय साधन मानले जातात. सेमिटिक भाषांच्या बाबतीत त्यांना आणखी एक महत्त्व आहे. या भाषांतील प्रत्येक शब्द तीन व्यंजनांच्या क्रियावाचक धातूपासून निघतो, असा जो सिद्धांत दीर्घकाळ रूढ होता, त्याची खरी कसोटी या शब्दांनीच पाहिली आणि त्याच्या मर्यादाही त्यांनीच दाखवून दिल्या.

मेसोपोटेमियातील ॲकेडियन भाषेचे क्यूनिफॉर्म लेख इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकाच्या मध्यापासून मिळतात आणि त्यांतील अवयवनामे ही या समूहातील सर्वांत जुनी लिखित नावे होत. सिरियाच्या किनाऱ्यावरील रास शाम्रा येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात युगारिटिक भाषा उजेडात आली, तर एब्ला येथे १९७४–७५ मध्ये मिळालेल्या दप्तरात सुमेरियन शब्द व त्यांचे स्थानिक सेमिटिक प्रतिशब्द यांच्या याद्या सापडल्या. अरबी भाषेचा ग्रांथिक पुरावा त्या मानाने फार अलीकडचा. परंतु मूळ व्यंजने तिच्यात इतरांपेक्षा पुष्कळच अधिक टिकून राहिल्यामुळे तुलनेत तिचा आधार वारंवार घ्यावा लागतो. पुढे दिलेले शब्द देवनागरीत स्थूलमानाने लिहिले आहेत. ‘ऐन’ हे घशातून उच्चारले जाणारे व्यंजन आणि जिभेचा मागचा भाग घशाकडे ओढून उच्चारली जाणारी ‘दाबलेली’ व्यंजने यांना देवनागरीत स्वतंत्र चिन्हे नाहीत. जेथे त्यांचा मुद्दा आहे तेथे तसे सांगितले आहे.

काही नावांचे साम्य अभ्यासकाच्या मदतीशिवायही ध्यानात येते. जिभेला ॲकेडियनमध्ये लिशानु, हिब्रूत लाशोन, ॲरेमाइकमध्ये लेश्शाना, अरबीत लिसान व गीझमध्ये लेस्सान म्हणतात. दाताला याच क्रमाने शिन्नु, शेन, शिन्ना, सिन्न व सेन्न, तर डोक्याला रेशु, रोश, रेशा, रअस व रेअस असे शब्द आहेत. साम्य जेथे झाकले गेले आहे ती उदाहरणे मात्र अधिक बोधप्रद आहेत. नाकाला अरबीत व गीझमध्ये अन्फ, पण ॲकेडियनमध्ये अप्पु आणि हिब्रूत अफ म्हणतात. पुढच्या व्यंजनात न् मिसळून जाण्याची प्रवृत्ती या दोन भाषांत सर्वत्र दिसते. मूळ रूपात न् होता हे अरबी व गीझ यांच्यावरून कळते आणि त्या व्यंजनाचे मूळ रूप प् होते हे ॲकेडियनवरून कळते, कारण अरबीत मूळ प् नियमाने फ् होतो. कानाचे उदाहरणही असेच आहे. ॲकेडियन उज़्नु, हिब्रू ओज़ेन, गीझ एज़्न यांत ज़् आहे, ॲरेमाइक उद्ना यात द् आहे, तर अरबी उज़्न या शब्दात ‘ज़ाल’ हे अक्षर आहे. भारतात त्याचा उच्चार ज़् असा करीत असले, तरी अभिजात अरबीत ते दातांमध्ये जीभ धरून उच्चारले जाणारे सघोष घर्षक व्यंजन आहे. तेच मूळ व्यंजन होय. एका शाखेत ते ज़् झाले, दुसरीत द् झाले.

नखाच्या नावाने तर एका संपूर्ण ध्वनिनियमाचा पाठ मिळतो. अरबी ज़ुफ्र (आरंभी ‘ज़ोय’ हे दाबलेले व्यंजन), ॲकेडियन सुप्रु, हिब्रू त्सिप्पोरेन, गीझ सेफ्र (तिन्हींत दाबलेला स्) आणि ॲरेमाइक टेफ्रा (दाबलेला ट्) हे शब्द एकत्र ठेवले की, आद्य सेमिटिकमध्ये अरबीतील ज़ोयशी जुळणारे एक स्वतंत्र व्यंजन होते, हे मानावे लागते. हाडाच्या नावात हाच नियम पुन्हा दिसतो : अरबी अज़्म, हिब्रू एत्सेम, ॲकेडियन एसेम्तु आणि ॲरेमाइक अट्मा. ॲरेमाइक शब्दाचा अर्थ मात्र ‘मांडी’ असा झाला आहे. ध्वनी नियमाने चालतात, अर्थ तसे चालत नाहीत, याची जाणीव या क्षेत्रात पदोपदी ठेवावी लागते.

धातू की नाम? : सेमिटिक शब्दरचनेत तीन व्यंजनांचा सांगाडा अर्थ वाहतो आणि त्यातील स्वर बदलून क्रियापदे, कर्तृवाचक नामे, भाववाचक नामे बनतात, ही व्यवस्था सर्वपरिचित आहे. अरब वैयाकरणांनी ती सूक्ष्मपणे मांडली. त्यांच्या पद्धतीचा अवलंब करून हिब्रूतील सर्व धातू त्रिव्यंजनी आहेत, असे दहाव्या शतकात यहूदा हय्यूज याने प्रतिपादिले. व्हिल्हेल्म गेझेनियस (१७८६–१८४२) याच्या काळापासून यूरोपीय कोशांतही शब्दांखाली धातू देण्याचा, आणि धातू सापडत नसेल तर तो कल्पून घेण्याचा, परिपाठ पडला. या पद्धतीत डोके, दात, जीभ यांनाही कोणत्या तरी क्रियेतून जन्म घ्यावा लागे. भारतीय वाचकाला हा वाद अपरिचित नाही. सर्व नामे धातुज आहेत असे शाकटायन म्हणतो व गार्ग्य त्यास आक्षेप घेतो, ही चर्चा यास्काच्या निरुक्तात आलेली आहे. सेमिटिक अवयवनामांच्या बाबतीत अर्वाचीन संशोधनाचा कौल गार्ग्यासारखा आहे. यांतील बहुसंख्य शब्द ‘मूळ नामे’ असून त्यांच्यामागे क्रियापद नाही. उलट क्रियापदेच त्यांच्यापासून झालेली नामधातू आहेत.

याचा पहिला पुरावा व्यंजनसंख्येचा होय. ‘तोंड’ या अर्थाचा आद्य सेमिटिक शब्द अवघ्या एका व्यंजनाचा आहे. ॲकेडियन पू, हिब्रू पे, युगारिटिकमध्ये लिहिलेला केवळ प् आणि गीझ अफ ही त्याची रूपे होत. अरबीत पुढे दुसरा शब्द जोडून येतो तेव्हा विभक्तीप्रमाणे फू, फा, फी अशी रूपे होतात. एरवी म् जोडून फम असा शब्द वापरतात. हात (हिब्रू याद, अरबी यद, गीझ एद), रक्त (ॲकेडियन दमु, हिब्रू दाम, अरबी दम) आणि ओठ (ॲकेडियन शप्तु, हिब्रू साफा, अरबी शफा, यांत स्त्रीलिंगी प्रत्यय वगळला तर दोनच व्यंजने उरतात) हे शब्द द्विव्यंजनी आहेत. अरबी व्याकरणाला अशा शब्दांची अडचण होते, कारण अनेकवचने व विशेषणे तीन व्यंजनांच्या साच्यांतून पाडावयाची असतात. म्हणून भाषा तिसरे व्यंजन पुरविते : शफाचे अनेकवचन शिफाह असे ह् घेऊन होते, दमचे दिमाअ होते, तर यदपासून यदवी आणि दमपासून दमवी ही विशेषणे व् घेऊन होतात. पारंपरिक कोशकार ही पुरवणी व्यंजने मूळचीच असून ती लोप पावली होती, असे समजत. परंतु एका शब्दाला ह् आणि दुसऱ्याला व् अशी ती वेगवेगळी निघतात आणि भगिनीभाषांत त्यांचा मागमूस नसतो. तेव्हा ती उत्तरकालीन भर मानणेच सयुक्तिक ठरते.

दुसरा पुरावा क्रियापदांच्या अर्थांचा आहे. अवयवनामाची व्यंजने घेऊन साधे क्रियापद केले की त्याचा अर्थ ‘त्या अवयवावर प्रहार केला’ असा होतो, हे अरबी कोशकारांनीच नोंदविले आहे. रअस म्हणजे डोके, त्यावरून डोक्यावर मारणे; बत्न म्हणजे पोट, त्यावरून पोटात मारणे; याच रीतीने नाक, कान, गुडघा व यकृत यांपासूनही क्रियापदे होतात. डोळ्यापासून होणाऱ्या क्रियापदाचा अर्थ दृष्ट लावणे असाही आहे. ‘डोके’ हा शब्द ‘डोक्यावर मारणे’ या क्रियेतून निघाला असे कोणीही म्हणणार नाही. मग ज्या जोड्यांत अर्थ इतका उघड नसतो तेथेही क्रियापदाला आपोआप जनकत्व देणे योग्य नव्हे. अरबी अज़िन ‘ऐकून घेणे, अनुमती देणे’, हिब्रू हेएज़ीन ‘कान देणे’ आणि प्रार्थनेची हाक या अर्थी अज़ान हे सर्व कानापासून निघाले आहेत. हिब्रूत रेगेल म्हणजे पाय. त्यावरून रिग्गेल म्हणजे हेरगिरी करणे, म्हणजेच पायी हिंडून मुलूख पाहून येणे.

गर्भाशयाचे उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. हिब्रू रेहेम व अरबी रहिम म्हणजे गर्भाशय, तर याच व्यंजनांनी या भाषांत दया व करुणा यांचे शब्द बनतात. ॲकेडियन रेमु या शब्दाला हे दोन्ही अर्थ आहेत. गीझमध्ये व्यंजनांचा क्रम उलटून मेहरत ‘कृपा’ असा शब्द झाला आहे. अवयवाकडून भावनेकडे असाच हा प्रवास असावा. गुडघ्याच्या बाबतीत तसे निश्चित सांगता येत नाही. ॲकेडियन बिर्कु, हिब्रू बेरेख, गीझ बेर्क आणि वर्णविपर्यासाने झालेला अरबी रुक्बा हे गुडघ्याचे शब्द एकमूलक आहेत, यात शंका नाही. उंट गुडघे टेकून बसतो त्या क्रियेला अरबीत बरक म्हणतात, तेही गुडघ्यापासूनच. पण आशीर्वाद देणे या अर्थाचे हिब्रू बेरेख व अरबी बारक हे गुडघे टेकण्यावरून आले, की योगायोगाने सारखी व्यंजने असलेला तो वेगळाच धातू आहे, याविषयी मतभेद आहेत. गुडघे टेकतो तो आशीर्वाद घेणारा, देणारा नव्हे, ही अडचण या व्युत्पत्तीच्या पुरस्कर्त्यांना नीट दूर करता आलेली नाही.

काही थोड्या नावांमागे मात्र गुणवाचक धातू असणे शक्य आहे. यकृताला हिब्रूत कावेद, अरबीत कबिद आणि युगारिटिकमध्ये याच तीन व्यंजनांचा शब्द आहे. ॲकेडियन, हिब्रू व गीझ या भाषांत ‘जड असणे’ हा अर्थ याच व्यंजनांनी व्यक्त होतो. बळी दिलेल्या पशूचे अंतर्भाग हाताळणाऱ्या समाजाला यकृत हा ‘जड’ अवयव वाटावा, हे स्वाभाविक आहे. मेसोपोटेमियात मेंढीच्या यकृतावरील खुणा पाहून शकुन सांगण्याचे शास्त्रच होते आणि त्यासाठी केलेल्या यकृताच्या मातीच्या प्रतिकृती मिळालेल्या आहेत. ॲकेडियन कबत्तु हा शब्द यकृताइतकाच अंतःकरण या अर्थानेही येतो. देवतेचे लिब्बु (हृदय) आणि कबत्तु शांत व्हावे अशी विनवणी प्रार्थनांत जोडीने येते. मराठीतील ‘काळीज’ या शब्दाचा व्यवहार याहून फारसा निराळा नाही.

अवयवनामे व मनोधर्म : नाकाला असलेला हिब्रू शब्द अफ याचा ‘क्रोध’ असाही अर्थ आहे आणि सहनशील माणसाला ‘लांब नाकाचा’ म्हणतात. हृदय हे बुद्धीचे, तर मूत्रपिंडे (हिब्रू केलायोत, एकवचन किल्या, ॲकेडियन कलीतु, अरबी कुल्या) ही सदसद्विवेकाची जागा मानलेली असून ईश्वर हृदय व मूत्रपिंडे यांची परीक्षा घेतो, अशी कल्पना बायबलच्या जुन्या करारात येते. अशा प्रयोगांवर एर्नेस्त रनां याने सेमिटिक भाषांच्या आपल्या इतिहासात (१८५५) मोठी इमारत उभी केली. या भाषा इंद्रियगोचर वस्तूंशी जखडलेल्या आहेत आणि म्हणून त्या बोलणाऱ्या वंशाला अमूर्त विचाराची शक्ती नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. यूरोपात ज्यू व अरब यांच्याविषयीच्या वंशवादी समजुतींना त्यामुळे विद्वत्तेचे पाठबळ मिळाले. एद्वार दॉर्म याने हिब्रू व ॲकेडियन भाषांतील अवयवनामांच्या लाक्षणिक उपयोगांचा जो अभ्यास १९२३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, त्यात हे सर्व प्रयोग शांतपणे वर्गीकृत केलेले आहेत. रनां याच्या धर्तीच्या अनुमानांवर तात्त्विक आघात जेम्स बार याने १९६१ मध्ये बायबलच्या भाषेच्या अर्थविचारावरील ग्रंथात केला. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे तो वापरणाऱ्याच्या मनातील अर्थ नव्हे आणि भाषेच्या घडणीवरून समाजाची विचारपद्धती काढता येत नाही, हे त्याचे मुख्य सूत्र होय. राग नाकावर असणे, पोटात शिरणे, कानाडोळा करणे, हात टेकणे हे मराठी वाक्प्रचार पाहिले, तर मराठी भाषकांनाही रनां याच्या न्यायाने अमूर्त विचार वर्ज्य ठरवावा लागेल.

या नावांतून व्याकरणाची साधने निर्माण झाली, हेही सर्वत्र आढळणारे आहे. हिब्रू लिफ्ने ‘-च्या समोर’ यात पानीम ‘चेहरा’ हा शब्द आहे, लेफी ‘-प्रमाणे’ यात तोंड आहे. ॲकेडियनमध्ये सेरु म्हणजे पाठ, त्यावरून ‘-च्या वर’ असा अर्थ होतो. अरबीत ‘समोर’ यासाठी ‘दोन हातांच्या मध्ये’ असा शब्दप्रयोग आहे. मराठीतील पाठीमागे, हातून, तोंडावर यांच्याशी ही प्रक्रिया ताडून पाहण्याजोगी आहे.

लिंग व वचन : जोडीने असणारे अवयव स्त्रीलिंगी असतात, असा साधारण नियम या भाषांत दिसतो. हात, डोळा, कान, पाय यांच्या नावांना स्त्रीलिंगाचा प्रत्यय नसतो, तरी ती स्त्रीलिंगी चालतात. डोके, नाक, तोंड ही एकेकटी असलेली पुल्लिंगी. पण हा नियम निरपवाद नाही. अरबीत गाल (खद्द) व भुवई (हाजिब) हे शब्द पुल्लिंगी आहेत, हिब्रूत स्तनवाचक शब्द पुल्लिंगी आहे आणि जीभ एकटी असूनही बहुधा स्त्रीलिंगी चालते. हिब्रूत द्विवचन प्रायः लुप्त झाले आणि ते मुख्यतः या अवयवनामांच्या आश्रयानेच उरले : यादायिम ‘दोन हात’, एनायिम ‘दोन डोळे’, ओज़्नायिम ‘दोन कान’. पुढे त्याचा द्वित्वाचा अर्थही पुसट झाला. यशयाच्या ग्रंथात (अध्याय ६) सहा पंखांच्या सेराफांचे वर्णन आहे, तेथेही पंखांसाठी द्विवचनी रूपच वापरले आहे. दातांचे द्विवचन तर वरच्या व खालच्या अशा दोन ओळींमुळे रूढ झाले असावे.

अर्थांतरे व नवे शब्द : एकच मूळ शब्द निरनिराळ्या भाषांत शेजारच्या अवयवाकडे सरकलेला पुष्कळदा आढळतो. गीझमध्ये कब्द हा शब्द यकृताऐवजी पोटाचा झाला. ‘हात’ या अर्थाच्या मूळ शब्दाचे ॲकेडियन रूप इदु बाहू व बाजू या अर्थी राहिले आणि हाताला कातु हा निराळा शब्द आला. हिब्रू बासार म्हणजे मांस. त्याच्याशी जुळणाऱ्या अरबी शब्दांपैकी बशरा म्हणजे त्वचा आणि बशर म्हणजे मानव. हृदयाचा मूळ शब्द ॲकेडियन लिब्बु, हिब्रू लेव, गीझ लेब्ब असा चालत आला. अरबीत लुब्ब याचा अर्थ गाभा, गर, बुद्धी असा संकुचित होऊन हृदयाची जागा कल्ब (आरंभी घशातला ‘काफ’) या शब्दाने घेतली. हृदय सतत पालटते म्हणून ते कल्ब, ही पालटणे या धातूवरून केलेली उपपत्ती अरब कोशांत मिळते. ती मनोरम आहे. परंतु सुचलेला अर्थ व मूळ अर्थ यांत फरक करावा लागतो. अरबी सिन्न म्हणजे दात आणि वयही. जनावराचे वय दातांवरून पाहण्याची चाल त्यामागे असावी. आपल्याकडील बैलबाजारातही दोनदाती, चारदाती, जुळलेला असे वयाचे दर्जे बोलले जातात. डोळ्याच्या शब्दाला ‘झरा’ हा दुसरा अर्थ ॲकेडियन, हिब्रू व अरबी यांत असल्यामुळे तो आद्य सेमिटिक काळाइतका जुना मानतात. ॲकेडियन उज़्नु म्हणजे कान व शहाणपणही. जीभ व ओठ यांचे शब्द भाषेला लावण्याची रीतही जुनी आहे. इब्‌न मंज़ूर याने १२९० मध्ये पूर्ण केलेल्या प्रचंड अरबी कोशाचे लिसान अल्-अरब हे नाव त्याच अर्थाने आहे.

बोलभाषांत जुने शब्द मागे पडून नवे रूढ होण्याची क्रिया चालूच असते. ईजिप्तमधील अरबी बोलीत व माल्टी भाषेत नाकाला अन्फऐवजी मूळच्या ‘नाकपुड्या’ या अर्थाच्या अनेकवचनी शब्दापासून झालेली रूपे वापरतात. अम्हारिक भाषेत जिभेला म्लास म्हणतात; तो ‘चाटणे’ या क्रियापदापासून झाला असून जुना लेस्सान ग्रांथिक भाषेत उरला आहे. येथे धातूपासून अवयवनाम झाल्याचे निश्चित उदाहरण मिळते. पण ते उत्तरकालीन आहे, हे विसरता येत नाही. गोल वस्तूंना द्विरुक्त नाव देण्याची एक जुनी लकबही नोंदविण्यासारखी आहे : हिब्रू कोदकोद ‘टाळू’, ॲकेडियन कक्कदु ‘डोके’, आणि कवटीसाठी ॲकेडियन गुल्गुल्लु, हिब्रू गुल्गोलेत. येशूला क्रूसावर दिले त्या स्थळाचे गुलगुथा हे नाव याच शब्दाचे ॲरेमाइक रूप होय.

वर्णमालेतील अवयव : सिनाई द्वीपकल्पात सेराबित अल्-खादिम येथे फ्लिंडर्स पेट्री यास १९०५ मध्ये जे लेख सापडले, त्यांतील चिन्हांचा उलगडा ॲलन गार्डिनर याने १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात बऱ्याच अंशी केला. एखाद्या वस्तूचे चित्र काढावयाचे आणि तिच्या सेमिटिक नावातील पहिले व्यंजन तेवढे त्या चित्राने दर्शवावयाचे, असे या लिपीचे तत्त्व आहे. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात बनलेल्या या वर्णमालेत योद (हात), काफ (तळवा), अयिन (डोळा), पे (तोंड) व रेश (डोके) ही पाच अक्षरे अवयवांची आहेत. शीन याचा संबंध दाताशी लावतात. पण त्याच्या जुन्या आकृतीमुळे तो वादग्रस्त आहे. फिनिशियनांकडून ही अक्षरे ग्रीकांकडे गेली, आणि योदचे आयोटा, काफचे कॅपा, पेचे पाय, रेशचे रो झाले. ग्रीकांना ऐन या व्यंजनाचा उपयोग नव्हता. म्हणून डोळ्याचे वाटोळे चित्र त्यांनी ओ या स्वरासाठी घेतले. रोमन लिपीतील ओ हे अक्षर म्हणजे ती बाहुली गळालेला डोळाच होय. अरबीतील पहिला कोश मानला जाणारा अल्-खलील याचा (आठवे शतक) किताब अल्-ऐन डोळ्यावरून ओळखला जातो असे नावावरून वाटेल; प्रत्यक्षात कंठाच्या खोल भागातून उच्चारल्या जाणाऱ्या ऐन या व्यंजनापासून त्याची मांडणी सुरू होते, म्हणून ते नाव पडले.

ॲफ्रो-आशियाई संबंध : सेमिटिकचे दूरचे नाते प्राचीन ईजिप्शियन, बर्बर, कुशिटिक व चाडिक या भाषांशी आहे आणि त्याचे काही उत्तम दाखले अवयवनामांतच मिळतात. जिभेला ईजिप्शियनमध्ये न् व स् या व्यंजनांनी लिहिलेला शब्द आहे. कॉप्टिकमधील लास या रूपावरून त्यातील न् मूळचा ल् असल्याचे कळते. बर्बरमध्ये इलेस आणि हौसामध्ये हर्शे हे शब्द आहेत. बोटाचा शब्द हिब्रूत एत्स्बा, अरबीत इस्बा, परंतु ॲरेमाइकमध्ये आरंभीच्या स्वराशिवाय आढळतो. ईजिप्शियन शब्दातही हा आरंभीचा वर्ण नाही. तेव्हा तो सेमिटिकमध्ये नंतर लागलेला असावा. ईजिप्शियनमध्ये हाताचा प्रचलित शब्द निराळाच आहे, पण हाताच्या चित्राचे ध्वनिमूल्य द् आहे. सेमिटिक यदशी संबद्ध असा जुना शब्द तेथेही होता आणि तो बोलण्यातून जाऊन लिपीत उरला, असा तर्क त्यावरून केला जातो.

अभ्यासाची परंपरा : अवयवनामांच्या याद्या करणे हा फार जुना उद्योग आहे. प्राचीन बॅबिलोनियातील लेखकांच्या शाळांत ‘उगु-मु’ ही सुमेरियन यादी गिरविली जाई. तिचा आरंभ ‘माझी कवटी’ या शब्दांनी होतो आणि प्रत्येक अवयवापुढे ‘माझा’ हे पद ठेवून ती पायांपर्यंत उतरते. काही प्रतींत ॲकेडियन प्रतिशब्दही दिलेले आहेत. अरबीत ‘खल्क अल्-इन्सान’ (मानवाची घडण) या नावाचा ग्रंथप्रकारच होता, अल्-अस्मई (मृत्यू सु. ८२८) याने त्यात लेखन केले. वाळवंटातील भाषकांकडून शब्द गोळा करून डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने दिलेले हे ग्रंथ आजही तुलनेसाठी उपयोगी पडतात. तौलनिक दृष्टी प्रथम यहूदा इब्‌न कुरैश याच्यात दिसते. हिब्रू, ॲरेमाइक व अरबी यांचे साम्य दाखविणारे त्याचे पत्र फेझ येथील ज्यू समाजाला उद्देशून आहे. आधुनिक काळात हारी होल्मा याने १९११ मध्ये ॲसिरो-बॅबिलोनियन अवयवनामांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पेलिओ फ्रोन्झारोली याने सामान्य सेमिटिक शब्दसंग्रहावरील लेखमालेत १९६४ मध्ये याच विषयाला प्रारंभीचे स्थान दिले. अलेक्सांद्र मिलितारेव व लिओनिद कोगन यांच्या सेमिटिक व्युत्पत्तिकोशाचा २००० मध्ये निघालेला पहिला खंड संपूर्णपणे मानव व पशू यांच्या अवयवनामांना वाहिलेला आहे. त्यात धातूंऐवजी पुनर्रचित नामे ही नोंदशीर्षके म्हणून घेतली आहेत, यावरून गेझेनियसच्या काळापासून दृष्टी किती बदलली ते दिसते.

मराठीत अरबी शब्द मुख्यतः फार्सीच्या द्वारा आले. त्यांत अवयवनामे जवळजवळ नाहीत. पण त्यांच्याशी नाते असलेले शब्द नित्याच्या वापरात आहेत. ‘ऐन वेळी’ यातील ऐन म्हणजे अरबी डोळा. ‘खुद्द तोच, नेमका’ हा त्याचा अर्थ अरबीतच विकसित झाला होता. डोक्यावरून प्रमुख या अर्थी रईस आला. फार्सीत गुरे मोजतानाही रास म्हणजे ‘डोके’ हाच शब्द वापरतात. रहम व रहीम यांमध्ये गर्भाशयाची, बरकत व मुबारक यांमध्ये वादग्रस्त अशा गुडघ्याची व्यंजने आहेत. ‘जाहीर’ हा शब्द पाठ या अर्थाच्या अरबी ज़ह्र याच्या कुळातील आहे : पाठ म्हणजे वरची, दिसणारी बाजू, आणि त्यावरून उघड. पोट या अर्थाच्या बत्नपासून झालेला बातिन ‘गुप्त, आतला’ हा त्याचा विरुद्धार्थी शब्द होय. ‘इन्किलाब’ व कल्ब यांची व्यंजने एकच आहेत. मात्र इसवी सन यातील ‘सन’ या शब्दाचा दाताशी काही संबंध नाही. तो वर्ष या अर्थाचा वेगळा अरबी शब्द आहे. ‘दम’ या मराठी शब्दाचाही अरबी दम ‘रक्त’ याच्याशी संबंध नसून तो श्वास या अर्थाच्या फार्सी शब्दावरून आलेला आहे.